ज्या भरावावर आपण रोज धावतो...

बारामतीत सकाळी साडेपाचला कालव्यावर या. अंधारातसुद्धा गर्दी असते. चालणारे, पळणारे, कुत्रं घेऊन आलेले, शुगर निघाली म्हणून डॉक्टरनी पिटाळलेले. मी शेवटच्या गटातला. चार वर्षांपूर्वी रिपोर्ट हातात आला आणि दुसऱ्या दिवशी बूट घेतले. पहिले दोन महिने चाललो, मग हळूहळू पळायला लागलो. आता आठवड्यातून चार दिवस तरी आठ-दहा किलोमीटर होतात.

आमच्या गावातल्या पळणाऱ्यांचे दोन रस्ते ठरलेले आहेत. एक कऱ्हेकाठचा, जुन्या गावातून देवळं आणि बाबूजी नाईकांचा वाडा बघत जाणारा. दुसरा नीरा डाव्या कालव्याचा. बाहेरगावचा पाहुणा आला की त्याला आपण कऱ्हेकाठी नेतो, वाडा दाखवतो, मोरोपंतांचं नाव सांगतो. कालव्यावर नेलं तर फक्त ‘हवा चांगली आहे’ एवढंच सांगतो.

गेल्या हिवाळ्यात आमच्या पळणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये एका मुलाने विचारलं, “सर, तुम्ही पत्रकार. हेरिटेज रन करायची म्हणतोय. कऱ्हेकाठी स्पॉट भरपूर आहेत, पण कालव्यावर हिस्टॉरिकल काय आहे?”

मी पटकन म्हणालो, “कालव्यावर काय असणार?”

घरी आल्यावर ते उत्तर मलाच टोचायला लागलं. वीस वर्षं या तालुक्यात बातमीदारी केली. आवर्तन, पाणीपट्टी, टेलच्या शेतकऱ्यांची आंदोलनं, सगळ्याच्या बातम्या केल्या. आणि हा कालवा खोदला कोणी, हे सांगायला मला दोन वाक्यं सुचली नाहीत. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, पण कालव्यावर पळणाऱ्या-चालणाऱ्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावी.

आधी कऱ्हेकाठ, कारण गोष्ट तिथून सुरू होते.

बाबूजी नाईक हे पेशवाईतलं मोठं प्रस्थ. सरदार होतेच, पण त्याहून मोठे सावकार होते. त्यांचे भाऊ आबाजी नाईक हे बाळाजी विश्वनाथांचे जावई, म्हणजे थोरल्या बाजीरावांची बहीण भिऊबाई बारामतीच्या घरात दिलेली. १७४० मध्ये बाजीराव गेले तेव्हा पेशवेपद आपल्याला मिळावं म्हणून बाबूजींनी शाहू महाराजांकडे खटपट केली होती. पद काही मिळालं नाही, ते नानासाहेबांकडे गेलं. पण छत्रपतींच्या दरबारात असा दावा लावण्याइतकी ताकद बारामतीच्या एका सावकाराकडे होती, ती पैशाच्या जोरावर. याच नाईकांच्या आश्रयाला मोरोपंत आले आणि इथलेच झाले. पंत जन्मले पन्हाळ्याला, १७२९ साली. गेले १७९४ ला. आयुष्याचा मोठा भाग या कऱ्हेकाठी पुराण सांगण्यात आणि आर्या रचण्यात गेला.

वाडा आहे, नाव आहे, कविता आहेत. म्हणून इतिहास म्हटला की आपले पाय आपोआप तिकडे वळतात. पण वाड्यात राहणाऱ्यांना पैसा जिथून यायचा तो मुलूख कसा होता? पावसावर जगणारा. कऱ्हा उन्हाळ्यात कोरडी. ज्वारी-बाजरी पिकली तर पिकली. नाही पिकली तर सावकाराचं दार.

पेशवाई गेली, इंग्रज आले. शेतसारा रोख पैशात आणि ठरल्या तारखेला भरायचा झाला. पीक येवो न येवो. सावकाराच्या हाती दिवाणी कोर्ट आलं. कागदावर अंगठा उठवला की जमीन, बैल, घर, सगळं त्यात आलं.

याचा स्फोट आपल्याच तालुक्यात झाला. १२ मे १८७५, सुप्याचा आठवडे बाजार. आसपासच्या गावांतून शेतकरी जमले आणि सावकारांच्या दुकानांत, घरांत घुसून कर्जाचे कागद, खतं, वह्या बाहेर काढून जाळल्या. तिथून हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. इतिहासाच्या पुस्तकांत त्याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि पुढे १८७९ मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला. देशाच्या इतिहासात नोंदलेल्या या घटनेचं ठिकाण म्हणून सुप्याला आपण किती वेळा जातो? बायपासने पुढे जातो फक्त.

कागद जाळले, पण पाऊस काही कागदावर अवलंबून नव्हता. पुढच्याच वर्षी, १८७६ ला, पावसाने दगा दिला. १८७६ ते ७८ चा तो दुष्काळ दख्खनच्या इतिहासातल्या सगळ्यात भीषण दुष्काळांपैकी एक. लाखो माणसं मेली. जनावरं तर मोजायची पण सोय राहिली नाही. आणि आपला कालवा जन्मला तो याच दुष्काळात.

नीरेच्या पाण्यावर कालवा काढायची कल्पना त्याच्या आधीची, १८६० च्या दशकातली. पाहण्या झाल्या, नकाशे झाले, आणि फाईल पडून राहिली. सरकारी काम तेव्हाही तसंच होतं. दुष्काळ पडला, लोकांच्या हाताला काम द्यायची वेळ आली, तेव्हा फाईल उघडली. नीरेवर वीरला बंधारा आणि तिथून नदीच्या डाव्या अंगाने पुरंदर, तेव्हाचा भीमथडी आणि इंदापूर तालुक्यातून जाणारा सुमारे शंभर मैलांचा कालवा. काम १८७६ ला दुष्काळी काम म्हणून सुरू झालं आणि १८८५-८६ च्या सुमारास पुरं झालं. आपण आज ज्या भरावावर पळतो, त्याची सुरुवातीची माती उपाशी माणसांनी टाकलेली आहे.

तेव्हा यंत्रं नव्हती. कुदळ, फावडं, पाटी. खोदायची, भरायची, डोक्यावर घ्यायची, वर चढवून ओतायची. बाया, पुरुष, पोरं, सगळी.

मजुरी किती? जानेवारी १८७७ मध्ये सरकारचे दुष्काळ प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांच्या शिफारशीने दर खाली आणला गेला. पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा. एक पौंड म्हणजे अर्धा किलोसुद्धा नाही. दिवसभर माती वाहणाऱ्या माणसाला एवढं. बाईला त्याहून कमी. शिवाय गावाजवळची लहान कामं बंद करून लोकांना लांबच्या मोठ्या कामांवर पाठवायचं धोरण. म्हणजे घर सोडायचं, उघड्यावर राहायचं, आणि अर्धपोटी खणायचं.

आणि इथे एक गोष्ट घडली, जी मला चाळिशी उलटेपर्यंत कोणी सांगितली नव्हती. मुंबई इलाख्यातल्या दुष्काळी कामांवरून माणसं उठून गेली. हजारोंच्या संख्येने. उपाशी माणसाने काम सोडलं, कारण एवढ्या मजुरीत काम करूनही मरायचंच होतं. मारामारी नाही, जाळपोळ नाही. पाटी खाली ठेवली आणि चालू लागले. पुण्याची सार्वजनिक सभा आणि तिचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांनी हा प्रश्न हातात घेतला. सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. असहकार हा शब्द आपण पुढे गांधीजींबरोबर शिकलो. दख्खनच्या दुष्काळी मजुरांनी ती गोष्ट चाळीसएक वर्षं आधी करून दाखवली होती.

याच काळात महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने दुष्काळातल्या उपाशी मुलांसाठी अन्नछत्र चालवलं. वासुदेव बळवंत फडके याच दुष्काळी मुलखात हिंडले आणि १८७९ ला बंड करून उठले. शाळेत आपण ही नावं वेगवेगळ्या धड्यांत शिकतो. पण ती सगळी एकाच उन्हात उभी होती, आणि त्याच उन्हात आपला कालवा खणला जात होता.

आता थोडं पळणाऱ्यांच्या कामाचं.

कालव्यावर पळताना तुम्हाला चढ लागत नाही. ट्रेनर सांगतात, ‘फ्लॅट रूट आहे, टायमिंग चांगलं येतं.’ तो सपाट का आहे? कारण पाणी आपल्या वजनाने वाहायला हवं, पण इतक्या जोरात नको की काठ खाऊन टाकेल. म्हणून कालव्याला मैलाला काही इंचच उतार देतात. तो उतार सांभाळायचा तर कालवा सरळ नेता येत नाही. जमिनीची पातळी जशी वळेल तसा त्याला वळवावं लागतं. ओढा आला की वळसा, नाहीतर खालून मोरी काढून ओढ्याचं पाणी पलीकडे सोडायचं. म्हणून तुमचा रस्ता सापासारखा जातो. तुमच्या पायाखालचं प्रत्येक वळण कोणीतरी लेव्हल लावून, खुंट्या ठोकून मापलेलं आहे.

आणि तो काठचा रस्ता पळण्यासाठी केलेलाच नाही. तो सेवापथ. साहेब घोड्यावरून पाहणीला जायचा त्याचा, पुढे पाटकरी सायकलवरून दारं उघडायला जायचा त्याचा. आजही रोटेशन सुटलं की रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन फिरणारा शेतकरी त्याच रस्त्याने जातो. आपण तिथे पाहुणे आहोत, हे लक्षात ठेवलेलं बरं.

कालवा झाला, पण एका घासात सुबत्ता आली नाही. पावसाळा संपला की नीरेचं पाणी आटायचं, म्हणून वर भाटघरला वेळवंडी नदीवर धरण बांधलं. ते १८९२ ला झालं. तेही पुरेना, म्हणून मोठं लॉइड धरण बांधलं, ते १९२८ ला पुरं झालं. आज आपण ज्याला भाटघर धरण म्हणतो ते हे.

पाणी आलं तर घेणार कोण, हाही प्रश्न होता. सुरुवातीला बरेच शेतकरी पाणी घ्यायला कचरत. पाऊस बरा झाला तर पाणीपट्टी कशाला भरा, हा सरळ हिशोब. आणि दुष्काळ पडला की सगळ्यांना एकदम हवं. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुण्याला असलेले इंजिनिअर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली. जमिनीचे गट पाडायचे, गटातल्या तिसऱ्या हिश्श्यात ऊस, बाकी भागात भुसार आणि इतर पिकं, आणि पिकांची फेरपालट. पाणी चार जणांच्या उसात जिरून जाऊ नये, जास्त गावांना पोचावं, हा त्यामागचा विचार. एकशेवीस वर्षांपूर्वी माणूस हे सांगत होता. आज कालव्यावरून पळताना दोन्ही बाजूला काय दिसतं ते तुम्हीच बघा. मी काही बोलत नाही.

जास्त पाण्याचा दुसरा परिणामही लवकर दिसला. नीरा खोऱ्यात जमिनी खारवट, चोपण व्हायला लागल्या. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हॅरॉल्ड मान यांनी १९१० च्या सुमारास नीरा खोऱ्यातल्या खारट जमिनींचा अभ्यास केला. कालवा सुरू होऊन जेमतेम पंचवीस वर्षं झाली होती.

पण या पाण्याने मुलूख बदलला हेही खरंच. गुऱ्हाळं आली, बाहेरून कसबी शेतकरी आले. नीरेच्या दोन्ही कालव्यांवर १९३० च्या दशकात साखर कारखाने उभे राहिले. डाव्या अंगाला वालचंदनगर, उजव्या अंगाला सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी एकत्र येऊन उभारलेला माळीनगरचा कारखाना. आज आपल्या तालुक्यात जे बंगले, शाळा, दुकानं दिसतात, त्यांच्या मुळाशी खणत गेलात तर कुठेतरी कालव्याची ओल लागतेच.

आता माझ्या घरातली एक गोष्ट. एरवी मी घरचं लिहीत नाही.

माझी आई १९७२ च्या दुष्काळात तेरा-चौदा वर्षांची होती. आमचं मूळ गाव जिरायत पट्ट्यातलं, कालव्याचं पाणी न पोचलेलं. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. मिलो ज्वारीच्या भाकरी, सुकडी, हे शब्द मी तिच्याकडूनच ऐकले. तिच्या डाव्या हाताचं एक बोट किंचित वाकडं आहे. हातोडी चुकली होती. लहानपणी आम्ही त्याला हसायचो.

या पोस्टसाठी वाचत होतो तेव्हा मी तिला १८७७ ची मजुरी वाचून दाखवली. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “आमच्या वेळी निदान सुकडी तरी द्यायचे रे.”

त्या ‘निदान’मध्ये शंभर वर्षं आहेत. १८७७ ला उपाशी माणसाच्या मजुरीतला घास कापणारं सरकार. आणि बरोबर शंभर वर्षांनी, १९७७ ला, काम मागणाऱ्याला काम देणं ही सरकारची जबाबदारी आहे असा रोजगार हमीचा कायदा करणारं महाराष्ट्राचं विधिमंडळ. देशात असा कायदा पहिल्यांदा आपण केला. तो कोणाच्या मेहेरबानीने नाही आला. पाटी खाली ठेवून चालू लागलेल्या माणसांपासून बाहत्तरच्या खडी फोडणाऱ्या बायांपर्यंत सगळ्यांची किंमत त्यात आहे.

आता त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर. कालव्यावर हिस्टॉरिकल काय आहे? अरे, कालवाच हिस्टॉरिकल आहे. आपल्या तालुक्यातली सगळ्यात लांब, सगळ्यात जास्त हातांनी बांधलेली वास्तू ती आहे. वाडा एका घराण्याने बांधला, त्याचं नाव आपल्याला पाठ आहे. कालवा हजारोंनी बांधला, त्यातलं एकही नाव आपल्याला माहीत नाही.

हे आत्ताच लिहिण्याचं कारण आहे. सगळीकडे नदीकाठ आणि कालवे सुशोभित करायची लाट आहे. पेव्हर ब्लॉक, दिवे, कारंजी, सेल्फी पॉइंट. माझा विरोध नाही, मी स्वतः त्या दिव्यांच्या उजेडात पळतो. अस्तरीकरणाचीही चर्चा होत असते. त्यातल्या दोन्ही बाजू खऱ्या आहेत. गळती थांबली तर टेलच्या शेतकऱ्याला पाणी पोचेल. पण कालव्याच्या पाझरावर काठच्या कितीतरी विहिरी जिवंत आहेत, त्यांचं काय? फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये पाणी शेतात मुरावं म्हणून ताली-बंधारे घालण्याची मागणी केली होती. पाणी वाहून न्यायचं की मुरवायचं, हा वाद जुनाच आहे. तो ठेकेदाराच्या अंदाजपत्रकात मिटवू नये. हेडचा, टेलचा आणि विहिरीवाला, तिघांना एका सतरंजीवर बसवून मिटवावा.

पण हे करताना जुन्या दगडी मोऱ्या, दारं, मैलाचे दगड काँक्रीटखाली गेले तर त्या माणसांची उरलेली शेवटची खूणही जाईल. एकदा गेली की परत मिळत नाही.

माझ्या मागण्या साध्या आहेत, आणि या मी माझ्याच गावाकडे करतोय.

एक, काम सुरू करण्याआधी कालव्यावरच्या जुन्या बांधकामांची यादी आणि फोटो व्हावेत. आम्ही पळणारे हे फुकट करून देऊ. रोज तिथेच असतो.

दोन, जिथे सेल्फी पॉइंट होतील तिथे एक तरी फलक लागावा. हा कालवा १८७६ च्या दुष्काळात कामाला आलेल्या माणसांनी खोदला, एवढंच त्यावर असलं तरी पुरे. उद्घाटन करणाऱ्यांची नावं खाली बारीक अक्षरात चालतील.

तीन, गर्दीच्या टप्प्यांवर कठडे आणि पाण्यातून वर यायला पायऱ्या कराव्यात. कालव्याचं पाणी वरून शांत दिसतं, आत ओढ असते, आणि गुळगुळीत काठाला हात धरत नाही. पोरांनो, पळून घाम आला म्हणून उडी मारू नका. अशा बातम्या मी केल्यात. त्या घरांत गेलोय. पुन्हा जायचं नाही मला.

चार, सेवापथ शेतकऱ्याला मोकळा राहावा. आपली मॅरेथॉन असली तरी.

हेरिटेज रन आम्ही करणार आहोत. ठरलंय असं की कऱ्हेकाठी, वाड्यापासून सुरुवात करायची आणि कालव्यावर शेवट. सावकाराच्या वाड्यापासून मजुराच्या भरावापर्यंत. तिथे पोचल्यावर मेडल वगैरे काही नाही. प्रत्येकाने एक पाटी माती डोक्यावर घ्यायची, भरावावर चढायची आणि वर उभ्या झाडांच्या आळ्यात टाकायची. एकच पाटी. मग कळेल टायमिंग काय असतं ते.

आईला विचारलं, येशील का बघायला? म्हणाली, “बघायला कशाला, पाटी कशी उचलायची ते दाखवायला येते. तुम्हाला मेल्यांनो चुंबळ तरी करता येते का?”

नाही येत. शिकायचीय.

तुमच्या घरात कालव्याच्या, दुष्काळी कामाच्या, बाहत्तरच्या आठवणी असतील, आजी-आजोबांनी सांगितलेलं काही असेल, तर मला कळवा. फोटो नसला तरी चालेल, नाव चालेल. एक जरी नाव मिळालं तरी ते फलकावर टाकू.